ठासणीच्या रायफलचं किट: लॉक हातात नीट चालतं, दस्त्यात बसवलं की घोडा टिकत नाही

चकमक_५०:

नमस्कार मंडळी. मुक्काम पेनसिल्व्हेनिया. .५० कॅलिबरच्या चकमकीच्या लांब रायफलचं किट जोडतोय. इथे नाताळनंतरच्या शिकारीच्या हंगामात फक्त चकमकीचीच बंदूक चालते, म्हणून टोपीचं लॉक (बार उडवणारी यंत्रणा) न घेता चकमकीचं घेतलं. दस्ता बीच लाकडाचा, नळी अष्टकोनी, चाप दुहेरी सेटचे (मागचा ओढून सेट करायचा, पुढच्याने सोडायचा). लॉकची आणि चापांची खोबण कारखान्यातूनच कोरून आली होती. मी फक्त कडा साफ केल्या.

अडचण अशी:

१. लॉक हातात धरून चालवलं तर अर्धी खाच आणि पूर्ण खाच (घोडा, म्हणजे चकमक धरणारा हातोडा, अडकून थांबतो त्या दोन जागा), दोन्ही पक्क्या धरतात. आवाजही स्वच्छ येतो.

२. दस्त्यात बसवून बोल्ट आवळले की पूर्ण खाचेत घोडा टिकत नाही. बोट काढलं की मागोमाग खाली येतो. अर्धी खाच धरते, पण घोडा जरा हलवला तर सैल वाटते.

३. कधीकधी पूर्ण खाच धरते. तेव्हा सेट करून पुढचा चाप दाबला की घोडा सुटतो आणि अधूनमधून अर्ध्या खाचेत अडकतो.

४. लॉकचे दोन्ही बोल्ट पूर्ण आवळले की घोडा पडताना जड वाटतो.

सिअरचं (घोडा रोखणाऱ्या खिट्टीचं) नाक आणि टम्बलरची (घोड्याबरोबर आत फिरणाऱ्या तुकड्याची) खाच तेलदगडावर घासून घ्यावी का? एका व्हिडिओत तसं दाखवलं होतं. अजून घासलेलं काही नाही.

---

कानसवाला:

घासू नका. लॉक हातात पक्कं धरतंय याचा अर्थ खाच आणि नाक दोन्ही ठीक आहेत. जे हातात चालतं आणि दस्त्यात चालत नाही, त्याचा दोष लाकडात, बोल्टात किंवा चापात असतो. शिवाय या किटमधल्या टम्बलर-सिअरला बहुतेक वेळा वरवरचाच कडकपणा दिलेला असतो. तो थर पातळ असतो. दगडाने तो उतरवला की आतलं मऊ लोखंड उघडं पडतं, आज छान हलका वाटणारा चाप काही दिवसांत खाच झिजवतो आणि मग घोडा खरोखरच टिकत नाही.

तुमच्याकडे मला एकाहून जास्त दोष दिसतायत. २ नंबरचं लक्षण एका जागचं, ३ नंबरचं दुसऱ्या, ४ नंबरचं तिसऱ्या. सगळं एकदम दुरुस्त करायला गेलात तर कशाने काय सुधारलं ते कळणार नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलत जा.

सुरुवातीला नळी रिकामी आहे ना ते पाहायला तिच्यात गज (ठासायची काठी) घालून तळापर्यंत जातो का बघा. गजावर खूण करा, बाहेर काढून नळीच्या शेजारी धरा. खूण कानापर्यंतचं (नळीत आग शिरते त्या भोकापर्यंतचं) अंतर दाखवायला हवी. नवीन किट असलं तरी हे करायचंच.

मग जबड्यातली चकमक काढून तिच्या मापाचा कडक लाकडाचा तुकडा बसवा. फ्रिझन (चकमक ज्यावर घासून ठिणग्या पडतात तो पोलादी तुकडा) उघडा ठेवा. लॉक दस्त्याबाहेर असताना घोडा कधीही मोकळा सोडू नका, अंगठ्याने धरून खाली आणा. चकमकीच्या लॉकमध्ये घोड्याचा खांदा लॉकप्लेटवर टेकून थांबतो हे खरं, पण वारंवार नुसतंच आपटलं तर टम्बलरचा चौकोन आणि घोड्याचं भोक सैल होतं.

आता टप्पे:

पहिला टप्पा. चापांची अख्खी जोडणी काढून ठेवा. फक्त लॉक दस्त्यात, बोल्ट नुसते टेकलेले. घोडा अर्ध्या आणि पूर्ण खाचेत चढवा. चापाच्या फटीतून बारीक लाकडी काडीने सिअरची दांडी (चाप जिला ढकलतो ती) खालून वर ढकला, घोडा अंगठ्याने धरून सोडा.

दुसरा टप्पा. मागचा बोल्ट पाव-पाव आटा आवळत जा, प्रत्येक वेळी तीच चाचणी. मग पुढचा बोल्ट तसाच.

तिसरा टप्पा. चाप बसवा, पण टँगचा (नळीच्या मागच्या शेपटीचा) बोल्ट नुसता टेकलेला ठेवा. चाचणी. मग तोही पाव-पाव आटा.

चौथा टप्पा. दस्त्याखालच्या भोकात गज पूर्ण सरकवा आणि सगळी चाचणी पुन्हा करा. हा टप्पा बरेच जण गाळतात.

ज्या टप्प्यावर लक्षण उगवतं, दोष तिथेच. निकाल इथे लिहा, पुढचं बोलू.

---

पितळी_पंच:

कानसवाला म्हणतात तसं करा, पण त्यात एक भर. तिसऱ्या टप्प्यात घोडा दोन प्रकारे चढवून बघा: एकदा मागचा चाप आधी सेट करून, एकदा सेट न करता. सेट केल्यावर टिकतो आणि न करता टिकत नाही, असं निघालं तर उत्तर जवळजवळ हातात आलं.

कारण असं. सेट करता तेव्हा मागच्या चापाची पट्टी खाली जाऊन अडकून बसते आणि सिअरच्या दांडीपासून दूर राहते. सेट नसताना चापाची स्प्रिंग तिला वर उचलून धरते. तिची वरची कड सिअरच्या दांडीला टेकत असेल, तर बोट न लावताही चाप दाबलेलाच असतो. नाक खाचेत पूर्ण शिरतच नाही.

सेट चाप दोन जातीचे असतात हेही पाहून घ्या. एका जातीत सेट केल्याशिवाय घोडा चढवताच येत नाही, ती त्यांची रचनाच आहे, दोष नाही. दुसऱ्या जातीत सेट न करताही घोडा चढतो आणि पुढचा चाप जड ओढून सोडता येतो. किटबरोबरच्या कागदावर सेट न करता झाडता येतं असं लिहिलं असेल तर तुमची दुसरी जात. लॉक काढा आणि सेट न करता नुसता पुढचा चाप ओढा. त्याची पट्टी वर उचलली जाते का, हे फटीतून दिसतं. पहिल्या जातीत पुढच्या चापाला सिअरपर्यंत पोचणारी पट्टीच नसते.

आता दांडी आणि पट्टी यांच्यात किती जागा आहे हे कसं मोजायचं? फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तिथे पोचत नाही. मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गव्हाएवढा गोळा दोन्ही पट्ट्यांच्या माथ्यावर ठेवा. चाप सेट न करता लॉक बसवा, बोल्ट नेहमीइतके आवळा, घोडा अर्ध्या खाचेत ठेवा, मग सगळं खोलून मातीची उरलेली जाडी बघा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. माती पूर्ण चिरडून पट्टीचं लोखंड उघडं पडलं असेल तर ती टेकतेय.

अर्ध्या खाचेतच मोजायचं, कारण ती खाच खोल असते. नाक जितकं खोल शिरतं, तितकी मागची दांडी खाली उतरते, आणि बहुतेक लॉकमध्ये दांडी सगळ्यात खाली असते ती अर्ध्या खाचेतच. पूर्ण खाचेत जागा आहे म्हणून समाधान मानलं तर अर्ध्या खाचेत नाक अर्धवटच शिरतं. तुमची अर्धी खाच सैल वाटते ती बहुधा यामुळेच. ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. नाक नुसतं टोकावर उभं असेल तर एखाद्या धक्क्याने खाचेचा ओठ तुटतो, आणि भरलेली बंदूक अर्ध्या खाचेवर घेऊनच लोक रानात फिरतात.

---

लांबनळी:

३ नंबरच्या लक्षणाबद्दल. सेट चापाचा फटका क्षणिक असतो. साध्या चापात बोट दाबलेलंच राहतं, म्हणून घोडा अर्ध्या खाचेवरून जाईपर्यंत सिअर बाहेरच असतो. सेट चाप मात्र सिअरला एक टोला देतो आणि सुटतो. सिअर लगेच परत टम्बलरवर येतो, आणि फिरत्या टम्बलरची अर्धी खाच समोर आली की त्यात पडतो.

हे टाळायला टम्बलरच्या बाजूला एका छोट्या खळग्यात फ्लाय बसवलेला असतो. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, एका टोकाला बारीक खुंटीवर फिरणारा. घोडा चढवताना तो मागे सरकतो आणि अर्धी खाच उघडी ठेवतो. घोडा पडताना पुढे येऊन खाच झाकतो, नाक त्याच्या पाठीवरून घसरत जातं.

तुमच्या लॉकला फ्लाय असणारच, नाहीतर सेट चाप चालले नसते. तो अडकतोय का ते बघा. मुख्य स्प्रिंग काढल्याशिवाय नीट दिसणार नाही. क्रम असा:

घोडा पूर्ण खाचेत चढवा. मुख्य स्प्रिंगच्या दोन्ही पायांवर स्प्रिंग दाबायचा शिकंजा लावा, ताण जाईल इतकाच आवळा. सिअर सोडून घोडा अंगठ्याने खाली आणा, स्प्रिंग उचलून घ्या. प्लायरने दाबायला जाऊ नका. पाय घसरला की स्प्रिंगवर ओरखडा पडतो, आणि स्प्रिंग पुढे त्याच ओरखड्यावर मोडते. मग सिअर स्प्रिंग, सिअर, शेवटी ब्रायडल (टम्बलर आणि सिअर जागी धरणारी पट्टी). ब्रायडलचे स्क्रू कोणते कुठले ते एका पुठ्ठ्यावर भोकं पाडून त्यात खोचून ठेवा. दोघांची लांबी वेगळी असू शकते. घोडा काढायचा तर त्याचा स्क्रू काढून पितळी पंच टम्बलरच्या टोकावर ठेवा आणि हलकेच ठोका. पेचकस घालून घोडा उचकटू नका, लॉकप्लेट वाकते.

टम्बलर पांढऱ्या कापडावरच बाहेर काढा, कारण फ्लाय सुटा असतो आणि जमिनीवर पडला की सापडत नाही. सॉल्व्हंटमध्ये खळगा धुवा. टम्बलर हातात तिरपा केला की फ्लाय स्वतःच्या वजनाने इकडून तिकडे पडला पाहिजे. पडत नसेल तर कारणं साधारण तीन: कारखान्यातलं गंजरोधक ग्रीस वाळलंय, खळग्याच्या कडेला बर (धातूची उरलेली बारीक धार) आहे, किंवा फ्लाय टम्बलरच्या पृष्ठभागापेक्षा किंचित जाड असून लॉकप्लेट वा ब्रायडल त्याला चिमटतंय. तिसऱ्या बाबतीत फ्लायची चपटी बाजू काचेवर ठेवलेल्या ६०० नंबरच्या सँडपेपरवर थोडीशी घासा. लॉकच्या आतल्या भागांत पेपर लावायला हरकत नाही अशी ही एकच जागा.

फ्लायला ग्रीस लावू नका. पातळ तेलाचा एक थेंब, तोही पुसून. डिसेंबरच्या थंडीत जाड ग्रीस गोठतं आणि हेच दुखणं परत सुरू होतं.

---

चकमक_५०:

सगळ्यांचे आभार. टप्प्यांचे निकाल:

पहिला टप्पा: दोन्ही खाचा पक्क्या.

दुसरा टप्पा: मागच्या बोल्टाने फरक नाही. पुढचा बोल्ट शेवटचा पाव आटा आवळला की घोडा जड होतो.

तिसरा टप्पा: टँगचा बोल्ट सैल असताना सेट करून किंवा न करता, दोन्ही प्रकारे टिकतो. बोल्ट आवळला की सेट न करता टिकत नाही, सेट केला तर टिकतो. मातीच्या चाचणीत मागच्या पट्टीवर लोखंड उघडं पडलं. पुढच्या पट्टीवर माती शाबूत, जेमतेम १ मिमी. चाप दुसऱ्या जातीचे आहेत.

चौथा टप्पा: गज घातला की घोड्याचा आवाज बदलतो. खोलून पाहिलं तर गजाच्या वार्निशवर एक चकचकीत रेघ आहे.

फ्लाय आहे. पिवळट चिकट ग्रीसमध्ये रुतला होता. धुतल्यावर मोकळा पडतो.

---

पितळी_पंच:

मग टँगचा बोल्टच गुन्हेगार. अशा किटमध्ये तो टँगमधून खाली येऊन चापाच्या प्लेटमधल्या आट्यात शिरतो. म्हणजे तुम्ही नळी आवळताय असं वाटतं, पण त्याच वेळी चापाची प्लेट वर, लॉककडे खेचली जाते. बीच लाकूड त्या दाबाखाली दबतं आणि पट्टी दांडीला जाऊन भिडते.

आधी प्लेट आणि लाकूड यांच्या मध्ये पत्त्यांच्या कॅटमधल्या पत्त्याच्या पट्ट्या कापून घाला. एक पत्ता साधारण ०.३ मिमी. एक किंवा दोन घालून बोल्ट नेहमीइतका आवळा, मातीची चाचणी पुन्हा. अर्धा मिमी जागा मिळाली की ती जाडी लिहून ठेवा. पुठ्ठा कायमचा ठेवायचा नाही, तो दबतो आणि तेल पितो. त्याच जाडीची पितळी पट्टी कापा.

पण नुसत्या पट्टीने काम अर्धंच होईल, कारण लाकूड पुढेही दबत राहील. टँग आणि प्लेटच्या मध्ये बोल्टाभोवती पोलादी नळीचा तुकडा बसवा. नळीच्या आतून बोल्ट सहज जाईल इतकं भोक असलेली घ्या. दस्त्यातलं भोक तिच्या बाहेरच्या मापाला ड्रिल करा, नळी हवी त्यापेक्षा किंचित लांब कापा आणि कानशीने थोडी थोडी कमी करत आणा. टँग आणि प्लेट दोन्ही लाकडावर बसतात आणि त्याच क्षणी नळीवर टेकतात, तिथे थांबा. नंतर थोडं इपॉक्सी लावून बसवून टाका. मग बोल्ट कितीही आवळा, प्लेट जागची हलणार नाही.

पट्टी घातल्यावर प्लेट लाकडाच्या वर उठून दिसत असेल (अर्ध्या मिमीपेक्षा जास्त उठली तर डोळ्यांना खुपते), तेव्हाच चापाच्या पट्टीचा माथा घासायचा. मागच्या पट्टीचाच. बारीक कानशीचे दोन हात, मग बसवून चाचणी. सिअरची दांडी घासू किंवा वाकवू नका. आणि शेवटी ४०० मग ६०० नंबरच्या पेपरने माथा गुळगुळीत करा, नाहीतर कानशीच्या रेघांवर दांडी खरखरते.

दोन चापांच्या मधला बारीक स्क्रू सेट केल्यावरचा दाब ठरवतो. तो आत फिरवाल तसा चाप हलका होतो. फार आत गेला की मागचा चाप सेटच होत नाही. सेट करून दस्त्यावर तळहाताने थाप मारा. चाप आपोआप सुटला तर स्क्रू अर्धा आटा बाहेर घ्या.

---

कानसवाला:

४ नंबर आणि गजाची रेघ, दोन्ही मुख्य स्प्रिंगकडे बोट दाखवतात. स्प्रिंगचा खालचा पाय घोडा चढवताना खाली झुकतो. तिची खोबण आणि गजाचं भोक यांच्यामध्ये लाकडाची पातळ भिंत असते. कारखान्याचं कटर जरा खोल गेलं तर ती भिंत फुटते आणि स्प्रिंग थेट गजावर घासते. लॉक काढा, गज पूर्ण आत सरकवा आणि खोबणीत बॅटरी मारा. गज दिसला तर भिंत फुटलेली आहे.

पुढचा बोल्ट आवळला की लॉकप्लेट आत ओढली जाते आणि स्प्रिंग खोबणीच्या तळाला किंवा गजाला भिडते. मागच्या बोल्टाने तसं होत नाही, कारण स्प्रिंग पुढच्या अर्ध्या भागातच असते.

नेमकी जागा काजळीने शोधा. मेणबत्तीच्या ज्योतीवर लॉकची आतली बाजू धरू नका, स्प्रिंगला उष्णता नको. काजळी एका पत्र्यावर जमवा, तेलाच्या थेंबात कालवा आणि ब्रशने स्प्रिंग, ब्रायडल, सिअर स्प्रिंग आणि लॉकप्लेटच्या आतल्या कडेवर अगदी पातळ लावा. मार्किंग ब्लू (ठसे दाखवणारा निळा रंग) असेल तर उत्तमच. लॉक सरळ आत दाबा, बोल्ट आवळा, घोडा पूर्ण चढवा आणि उतरवा, मग लॉक सरळ बाहेर काढा. लाकडावर काळा ठसा उमटेल.

ठसा कसा आहे हे वाचायला शिका. नुसता टिपका म्हणजे तिथे काहीतरी टेकून बसतंय. लांबट, पुसट रेघ म्हणजे चालता भाग घासतोय. रेघच आधी काढायची. प्लेटच्या कडेचा अखंड काळा काठ चांगला, तो खरवडू नका. तोच लॉकला घट्ट बसवतो.

खरवडायला अर्धगोल, धारदार पटाशी. एका वेळी कागदाच्या जाडीएवढं. सँडपेपर नको, तो कडा गोल करतो आणि भुकटी टम्बलरमध्ये जाते. स्प्रिंगभोवती सुमारे १ मिमी मोकळी जागा पुरे. गजाच्या बाजूला मात्र लाकूड आणखी काढू नका, तिथे आधीच काही उरलेलं नाही. तिकडे गजच किंचित बारीक करा: चकचकीत रेघ आहे तेवढ्याच लांबीत, सगळीकडून गोल, सँडपेपरने. गज हिकरीचा असेल तर रेषा न तुटता एक-दीड मिमी सहज निघतो. बाजूला सपाट खाच पाडू नका, तिथे गज मोडतो, आणि मोडलेला गज तळहातात घुसतो.

हे झाल्यावर बोल्टांची टोकंही बघा. मागचा बोल्ट लॉकप्लेटच्या बाहेर डोकावत असेल तर तो घोड्याच्या पाठीला घासतो. टोक प्लेटच्या पातळीच्या अर्धा मिमी आत राहील इतकं कापा. कापण्याआधी बोल्टावर नट चढवून ठेवा. कापून झाल्यावर नट बाहेर काढला की आटे आपोआप साफ होतात. बोल्ट पेचकस बोटांनी धरून जितके आवळले जातात तितकेच. मूठ आवळायची गरज पडत असेल तर प्लेट कुठेतरी पुलासारखी अधांतरी उभी आहे, आणि तुम्ही ती वाकवताय. वाकलेल्या प्लेटमध्ये टम्बलर आवळला जातो.

---

रत्नागिरीकर:

धागा वाचतोय. आमच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची टोपीची ठासणीची बंदूक आहे. रानडुकरांसाठी. तिचा घोडा अर्ध्या खाचेत ठेवला की बोटाने ढकलून खाली जातो. वर सांगितलेलं काही घरी करता येईल का?

---

लांबनळी:

दादा, तुमची गोष्ट वेगळी. चकमक_५० यांचं लॉक नवीन आहे आणि खाच शाबूत आहे. जुन्या बंदुकीत घोडा अर्ध्या खाचेतून ढकलून निघत असेल तर खाचेचा ओठ झिजलाय किंवा सिअरचं नाक तुटलंय. ते घासून सुधारत नाही, भाग बदलावा लागतो किंवा धातू भरून पुन्हा घडवून कडक करावा लागतो.

दुसरं कायद्याचं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ५ व्या कलमात बनवणं, विकणं यांच्याबरोबर दुरुस्तीचाही उल्लेख आहे. तेव्हा परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडे परवाना घेऊन जा. अमेरिकेत १९६८ च्या केंद्रीय कायद्यातून ठासणीच्या बंदुका बहुतांशी वगळल्या आहेत, म्हणून इथे घरी किट जोडता येतं. तरी काही राज्यांचे नियम कडक आहेत. अमेरिकेतला नियम भारतात लावता येत नाही आणि उलटही.

दुरुस्ती होईपर्यंत बंदूक भरलेली असताना निपलवर टोपी चढवून फिरू नका. टोपी खिशात, जनावर समोर आल्यावर निपलवर. आणि घोडा टोपीवर टेकवूनही ठेवू नका, एका ठोक्याने उडते.

---

रत्नागिरीकर:

समजलं. उद्याच घेऊन जातो. आभारी आहे.

---

चकमक_५०:

पितळी पट्टी ०.५ मिमीची घातली, टँगच्या बोल्टाभोवती नळी बसवली. आता सेट करून आणि न करता, दोन्ही प्रकारे दोन्ही खाचा धरतात. काजळीने स्प्रिंगच्या खालच्या पायाची रेघ दिसली, तेवढीच खरवडली. गजही बारीक केला. अर्ध्या खाचेत अडकणं थांबलं.

उरले दोन प्रश्न. खोबणीतलं उघडं लाकूड कशाने बंद करू? आणि चकमक लावल्यावर ठिणग्या पडतात पण रंजकाच्या (कानाशी पेटवायच्या दारूच्या) वाटीत कमी, बाहेरच जास्त. हे लॉकचंच दुखणं का?

---

पितळी_पंच:

लाकूड: पातळ केलेलं जवसाचं तेल किंवा पातळ शेलॅक, एकच हात, पूर्ण वाळू द्या. जाड वार्निश नको, त्याची जाडीच स्प्रिंगला परत टेकेल. तुमच्याकडे उन्हाळा दमट आणि हिवाळ्यात घरात हीटर, तेव्हा उघडं लाकूड दर वर्षी फुगतं आणि आक्रसतं. तेल पूर्ण वाळल्यावर काजळीची चाचणी एकदा परत करा, आणि जुलैत अजून एकदा.

---

लांबनळी:

ठिणग्यांचं बहुधा चकमकीच्या जागेचं आहे. घोडा अर्ध्या खाचेत ठेवून फ्रिझन बंद करा. चकमकीची धार फ्रिझनला न टेकता अगदी जवळ आणि दोन्ही टोकांना समांतर हवी. एक टोक आधी लागत असेल तर ठिणग्या एका बाजूला उडतात. मग अंगठ्याने घोडा हळूच खाली आणून धार फ्रिझनच्या चेहऱ्यावर कुठे टेकते ते बघा: वरून साधारण एक तृतीयांश खाली. फार खाली लागली तर चकमक नुसती आपटते आणि फुटते. जागा बदलायची तर चकमकीचा उतार वर-खाली उलटवून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने पुरतं. जबड्यात चामड्याची पट्टी घालूनच आवळा, आणि चकमकीची बाजू नळीला घासत नाही याची खात्री करा.

फ्रिझनवर एक चाचणी: खालच्या कोपऱ्यात, चकमक लागत नाही तिथे, बारीक कानस हलकी ओढा. घसरून गेली तर कडकपणा ठीक. चावली तर फ्रिझन मऊ आहे. तसं असेल तर स्वतः तापवायला बसू नका, कारण कोणतं पोलाद आहे हे माहीत नसताना पाणी द्यायचं की तेल, हे ठरवता येत नाही. बनवणाऱ्याकडून नवा मागवा.

घोडा थांबतो तेव्हा चकमकीची धार वाटीच्या मधोमध रोखलेली दिसली पाहिजे. ती वाटीच्या पुढे जात असेल तर चकमक जास्त लांब आहे. मागे चामड्याची घडी कमी करा किंवा एका मापाने लहान चकमक लावा. आणि फ्रिझन पूर्ण उघडून परत चकमकीवर आपटत असेल तर दोष बहुधा त्याची स्प्रिंग आणि फ्रिझनची शेपूट यांच्या मेळात आहे. शेपटीचं टोक ६०० नंबरने चकचकीत करून एक थेंब तेल द्या, मग परत बघा. फरक पडला नाही तर फ्रिझन उघडा असतानाचा आणि बंद असतानाचा, दोन्ही फोटो बाजूने काढून इथे पाठवा.